एक्केचाळीस विजय मागे, चाळीस पुढे

प्रश्न : माझी मुलगी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ राहते. तिच्या नादाने मीही आइस हॉकी बघू लागलो. 2023-24 च्या हंगामात डेट्रॉइट रेड विंग्ज आणि वॉशिंग्टन कॅपिटल्स या दोघांचेही 91 गुण झाले. डेट्रॉइटचे विजय 41, वॉशिंग्टनचे 40. डेट्रॉइटने खाल्ले त्यापेक्षा चार गोल जास्त मारले. वॉशिंग्टनने तर खाल्ले त्यापेक्षा 37 कमी मारले. तरी प्ले-ऑफमध्ये वॉशिंग्टन गेले. हे कसे?

उत्तर : आपल्याला क्रिकेटच्या गुणतक्त्याची सवय. गुण सारखे झाले की आपण नेट रन रेट शोधतो, म्हणून इथे गोलांचा फरक बघावासा वाटणे साहजिक आहे. पण हे दोन संघ ज्या लीगमध्ये खेळतात त्या एनएचएलमध्ये गोलफरकाची पाळी फार उशिरा येते. त्याआधी विचारतात ते हे : जिंकलात खरे, पण केव्हा जिंकलात?

तक्त्यात संघापुढचे तीन आकडे बघा. वॉशिंग्टन 40-31-11, डेट्रॉइट 41-32-9. पहिला आकडा विजयांचा. दुसरा साठ मिनिटांच्या नियमित वेळेत झालेल्या पराभवांचा. तिसरा जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये झालेल्या पराभवांचा. विजयाला 2 गुण, साध्या पराभवाला शून्य आणि या तिसऱ्या तऱ्हेच्या पराभवाला 1. वॉशिंग्टनचे 80 अधिक 11, डेट्रॉइटचे 82 अधिक 9, दोन्हीकडे 91.

हरणाऱ्याला गुण कशासाठी? पूर्वी जादा वेळेत हरले की हाती काहीच लागत नसे. त्यामुळे बरोबरीचा एक गुण जपण्यासाठी संघ त्या पाच मिनिटांत बचावच करत बसत. 1999-2000 पासून साठ मिनिटांनंतर बरोबरी असली की दोघांनाही एकेक गुण पक्का झाला. पुढे जिंकेल त्याला आणखी एक. 2005-06 मध्ये शूटआउट आले आणि सामना बरोबरीत सुटणेच बंद झाले. 2015-16 पासून जादा वेळेत गोलरक्षक सोडून दोन्हीकडे तीन-तीनच खेळाडू असतात, एरवी पाच-पाच. बर्फ मोकळा, धावाधाव भरपूर. बघायला फार छान, पण तो खेळच वेगळा.

म्हणूनच 2019-20 पासून सगळे सामने झाल्यावर गुण समान असतील, तर सर्वांत आधी नियमित वेळेतले विजय मोजतात. तक्त्यात त्यांचा रकाना ‘आरडब्ल्यू’ या अक्षरांखाली असतो. वॉशिंग्टनचे असे विजय 32, डेट्रॉइटचे 27. म्हणजे डेट्रॉइटचे तब्बल 14 विजय साठ मिनिटांनंतरचे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर या एका रकान्यात आहे.

लढत होती ती शेवटच्या जागेसाठी. 32 संघांतले 16 पुढे जातात : चार गटांतले पहिले तीन-तीन आणि पूर्व व पश्चिम विभागांतले उरलेल्यांपैकी दोन-दोन, ज्यांना ‘वाइल्ड कार्ड’ म्हणतात.

16 एप्रिल 2024 ची ती रात्र तुमच्या मुलीला नक्की आठवत असेल. डेट्रॉइटने मॉन्ट्रियलमध्ये अगदी शेवटच्या सेकंदांत 4-4 अशी बरोबरी साधली आणि शूटआउटमध्ये सामना जिंकला. तिकडे फिलाडेल्फियात तिथला संघ फ्लायर्स आणि वॉशिंग्टन 1-1 वर होते. फ्लायर्सचे तोवर 87 गुण, वॉशिंग्टनचे 89. सामना जादा वेळेत गेला असता तर वॉशिंग्टनला एक गुण मिळून 90 झाले असते, आणि फ्लायर्स जिंकूनही 89 वरच राहिले असते. त्यांना विजय हवा होता तो साठ मिनिटांच्या आतच, शिवाय डेट्रॉइटची हारही. म्हणून साधारण तीन मिनिटे उरली असताना, बरोबरी असताना, त्यांनी आपला गोलरक्षक बाहेर काढून सहावा आक्रमक उतरवला. एरवी हे पिछाडीवरचा संघ करतो. लगेचच वॉशिंग्टनच्या टी. जे. ओशीने रिकाम्या जाळ्यात गोल मारला आणि वॉशिंग्टन 2-1 ने जिंकले. गुणतक्त्याने खेळायची रीतच बदलल्याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

मला स्वतःला ही पद्धत पटत नाही. एका सामन्यात दोन गुण वाटायचे आणि दुसऱ्यात तीन, हा हिशेब सरळ नाही. शिवाय तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या सत्राच्या अखेरीस बरोबरी असली की दोन्ही संघ हातचा गुण सांभाळत बसतात. जो बचाव जादा वेळेतून घालवायचा होता, तो वीस मिनिटे आधी येऊन बसला. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या स्पर्धांत नियमित वेळेतल्या विजयाला 3, नंतरच्या विजयाला 2, नंतरच्या पराभवाला 1 असे गुण देतात. प्रत्येक सामन्यात वाटायला तीनच. उत्तर अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगनेही हीच पद्धत घेतली आहे, आणि एनएचएलने ती घ्यावी असे मला मनापासून वाटते.

तुमच्या दोन संघांचे आकडे त्या पद्धतीत घालून पाहिले. वॉशिंग्टनचे 32 विजय तिनाच्या दराने, 8 दोनाच्या, आणि 11 पराभव एकाच्या : एकूण 123. डेट्रॉइटचे तसेच मोजले तर 118. मुलीला वाईट वाटेल, पण त्या हिशेबानेही वॉशिंग्टनच पुढे.