वाहून आलेल्या लाकडाचं लटकन

पावसाळ्यात कोकणातली काजळी नदी रानातल्या मोडक्या फांद्या नि मुळं भाट्याच्या खाडीच्या मुखाशी आणून टाकते. समुद्र ती घोळवतो, साल सोलतो आणि उधाणाच्या रेषेवर पुळणीत सोडून देतो. नारळी पौर्णिमा उलटून दर्या निवला की ओहोटीच्या वेळी ही रेषा धरून चालावं.

हातभर लांब, मनगटाएवढं जाड लाकूड पुरे. नख रुतलं तर ते कुजकं; दगडावर आपटल्यावर टणक वाजलं तर घ्यावं. काहींवर बोट जाईल एवढी भोकं असतात आणि आत पांढरा, चुन्यासारखा थर. होड्यांची तळं पोखरणाऱ्या टेरेडो नावाच्या शिंपल्याचं ते काम. असं लाकूड मी मुद्दाम उचलते, कारण तसं कोरीव काम कुणाच्या हाताला जमणार नाही.

बरोबर शिंपले आणि सुरूची बोंडं वेचावीत. बिजागरीजवळ नेमकं गोल भोक असलेले शिंपले शोधावेत. शिकारी गोगलगाय शिंपला पोखरून आतला जीव खाते, तिचं ते भोक. आपलं गिरमिट वाचतं. शंख उलटा करून पाहावा. आत खेकडा असेल तर जागच्या जागी ठेवावा, ते त्याचं घर आहे. प्रवाळ, समुद्रपंखा, समुद्रघोडा यांना हात लावू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे ते बाळगणंही गुन्हा आहे. काही शंखांनाही हे संरक्षण आहे, तेव्हा ओळख पटत नसेल तर शंख तिथेच राहू द्यावा.

आता खरं काम, मीठ काढणं. घाई करणाऱ्यांचं काम इथेच बिघडतं. लाकडात उरलेलं मीठ कोकणातल्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पावसाळ्यात लटकन ओलं, चिकट होतं. लाकूड दगडाखाली दाबून गोड्या पाण्यात पंधरा दिवस बुडवावं, पाणी रोज बदलावं. शिंपले वेगळे भिजवून जुन्या ब्रशने घासावेत. व्हिनेगर वापरू नये, त्याने शिंपल्याचा चुना विरतो.

लाकूड सावलीत, वारा लागेल तिथे सुकवावं. उन्हात ते तडकतं. जाड तुकड्याला महिनाही लागतो. सुकल्यावर किडीसाठी गरम पाण्यात विरघळवलेला टाकणखार ब्रशने लावून पुन्हा वाळवावं. पॉलिश पेपर फक्त टोचणाऱ्या कुसांवर फिरवावा, समुद्राने दिलेली झिलई घालवू नये. मग जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. तेलाचं फडकं बोळा करून फेकू नये, आपोआप तापून पेट घेतं, पसरून वाळवावं.

टांगण्यासाठी काथ्याचा सुंभ दोन टोकांना बांधावा. लाकूड आधी एका बोटावर तोलून मध्य ओळखावा, तो क्वचितच मधोमध असतो. शिंपले तंगुसाने ओवावेत, प्रत्येकाखाली गाठ मारावी. सगळ्या सरी सारख्या लांबीच्या करू नयेत. जड शंख लाकडाजवळ, हलके शिंपले खाली. मग वाऱ्यावर ते एकमेकांना हलकेच लागतात.

लटकन पागोळ्यांपासून दूर, आतल्या भिंतीवर टांगावं. पुढच्या पावसाळ्यानंतर लाकडावर पांढरी खर दिसली तर मीठ उरलंय असं समजून ओल्या फडक्याने पुसावं आणि सुकल्यावर तेलाचा आणखी एक हात द्यावा.