पॅनल गप्प आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस

दवाखान्याच्या फायर पॅनलचा चार्ज तुझ्याकडे आलाय, तर आधी एक सवय लावून घे. ड्यूटीवर आलास की हजेरी लागल्या लागल्या पॅनलसमोर उभा राहा. हिरवा दिवा बघून पुढे सटकायचं नाही, पिवळे बघायचे. फॉल्टचा पिवळा म्हणजे यंत्रणाच सांगतेय की माझं काहीतरी बिघडलंय. डिसेबलचा पिवळा म्हणजे कुणीतरी हाताने तिचं तोंड बंद केलंय. मला फॉल्टपेक्षा डिसेबलची धास्ती जास्त. फॉल्टचा बझर इतका डोकं उठवतो की कुणीतरी वैतागून फोन करतंच. बंद करून ठेवलेला झोन कुणाला त्रास देत नाही, म्हणून तो आठवडेच्या आठवडे तसाच राहतो.

झोन बंद कसा होतो? पेंटर येतो, फॉल्स सीलिंगवाला येतो, पेस्ट कंट्रोलवाला धूर मारतो. भोंगा वाजला की पेशंट घाबरणार, मोठे डॉक्टर बोलणार, म्हणून आपण तेवढा झोन बंद करतो. त्यात गैर काही नाही. घोळ होतो संध्याकाळी. कामवाले गेले, शिफ्ट बदलली, झोन बंद तो बंदच. म्हणून बंद करतानाच पॅनलच्या दारावर चिठ्ठी चिकटव: कुठला झोन, कशासाठी, कुणी, किती वाजता चालू करणार. तेवढा वेळ त्या वॉर्डात एक माणूस फिरता ठेव. पॅनल ॲड्रेसेबल असेल तर अख्खा झोन मारायची गरजच नसते, नेमके दोन-तीन डिटेक्टर बंद करता येतात. डिटेक्टरवर घालायच्या प्लास्टिकच्या टोप्या मोजून घाल आणि मोजून काढ. रंगाचा वास जाऊन वर्ष झालं तरी टोपी घालून बसलेले डिटेक्टर मी पाहिलेत.

डिटेक्टरवरचा बारीक दिवा लुकलुकतोय म्हणजे त्याला करंट मिळतोय, एवढंच. धूर कळतोय की नाही, ते धूर दाखवल्याशिवाय समजत नाही. एजन्सीची पोरं पॅनलचं टेस्ट बटण दाबतात, भोंगा वाजला की ‘सगळं ओके साहेब’ म्हणून सही मागतात. त्यात डिटेक्टरचा काय संबंध? शिडी लाव, एकेकाला टेस्ट स्प्रे दे आणि पॅनलवर त्याचंच नाव येतंय का ते खाली उभ्या माणसाला वाचायला सांग. उदबत्ती किंवा विडी पेटवून तपासणाऱ्याला शिडीवर चढूच देऊ नकोस. डिटेक्टरच्या आत अंधारी डबी असते, धूर शिरला की आतला प्रकाश विखुरतो आणि सेन्सरवर पडतो, तेव्हा तो ओरडतो. त्या डबीत काजळी बसली की तो विनाकारण ओरडायला लागतो. धुळीनेही तेच होतं. म्हणून सारखा खोटा वाजणारा डिटेक्टर बंद न करता आधी साफ कर. तरीही वाजतोय आणि वर ऑटोक्लेव्हची किंवा पँट्रीची वाफ येतेय, तर तिथे धुराचा नको, उष्णतेचा डिटेक्टर बसवून घे.

आता पॅनलवर येणाऱ्या नावांचं. इमारत बांधली तेव्हाची नावं त्यात भरलेली असतात. दवाखान्यात वॉर्ड सारखे हलतात. पॅनल म्हणणार ‘स्टोअर 2’, आणि तिथे आता डायलिसिसच्या खाटा! रात्रीचा वॉचमन स्टोअर शोधत फिरेल. वॉर्ड हलला की त्याच दिवशी एजन्सीला बोलावून नाव बदलून घे. तोवर पॅनलशेजारी मराठीत मोठ्या अक्षरांत तक्ता लाव, आणि भोंगा झाल्यावर आधी जाऊन बघायचं, मगच म्यूट करायचं, हे वॉचमनकडून वदवून घे.

दर आठवड्याला एक मॅन्युअल कॉल पॉइंट दाबून बघ, दरवेळी वेगळा. ज्या वॉर्डात भोंगा वाजणार तिथल्या इन्चार्ज सिस्टरला आणि टेलिफोन ऑपरेटरला आधी कळव. भोंगा वाजला की काम झालं असं नाही. एसीचे एएचयू बंद पडले का, लिफ्ट खाली येऊन उघडल्या का, कार्ड दाखवून उघडणारी दारं आपोआप सुटली का, हे बघ. मात्र ओटीची लिस्ट बघितल्याशिवाय ही परीक्षा घ्यायची नाही. ऑपरेशन चालू असताना एएचयू बंद पाडलास तर सर्जन तुला सोडणार नाहीत, आणि त्यांचंच बरोबर असेल. लिफ्टमध्ये स्ट्रेचर नाही ना, तेही बघ. एएचयूचा एवढा आग्रह का? कोलकात्याच्या आम्री रुग्णालयात 9 डिसेंबर 2011 च्या पहाटे आग लागली ती तळघरात. वरच्या मजल्यांवर धूर पोचला आणि 90 च्या आसपास माणसं गेली, बहुतेक गुदमरून. थांबवायचा असतो तो धूर, आणि चालू राहिलेला एएचयू तोच धूर पुढे ढकलतो.

बॅटरीकडे तर कुणी बघतच नाही, कारण लाइट गेली की जनरेटर लागतो. पॅनलच्या पोटात 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. मेन बंद करून पॅनल फक्त त्यांच्यावर चालव. 24 तास पहारा आणि वर अर्धा तास भोंगा, एवढी ताकद त्यांच्यात हवी. नुसतं मीटर लावून 24 व्होल्ट दिसले तर फसू नकोस, भोंगे वाजत असताना माप. बसवल्याची तारीख मार्करने बॅटरीवरच लिही. फुगली की लगेच बदल.

रात्रपाळीतही तालीम घे. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात 9 जानेवारी 2021 ला 10 नवजात बाळं गेली, त्याच वर्षी 23 एप्रिलला विरारच्या खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. दोन्ही वेळा मध्यरात्र उलटून गेली होती. अशा वेळी वॉर्डात दोन सिस्टर आणि एक मावशी, एवढाच फौजफाटा. व्हेंटिलेटरवरचा पेशंट जिना उतरवत नेता येत नाही, त्याला त्याच मजल्यावर फायर डोअरच्या पलीकडे न्यायचं, हे त्यांना हातांनी करून माहीत हवं. आणि त्या दाराला पाचर मारून ते उघडं ठेवलेलं दिसलं, तर पाचर काढून खिशात घाल.

जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. त्यावर सही परवानाधारक एजन्सीची असते. ते आले की त्यांच्यासोबत मजल्यामजल्यावर स्वतः फिर, आणि न तपासलेला डिटेक्टर रजिस्टरमध्ये ‘तपासला नाही’ असाच लिही.