मुंबई रक्तगटाचा शोध

मनुष्यमात्राचे रक्त दिसावयास सारखेच तांबडे असते. तथापि एकाचे रक्त दुसऱ्याच्या शरीरात घातले असता कधी प्राण वाचत, तर कधी रोगी तत्काळ दगावत असे. असे का घडते, हे कोडे व्हिएन्ना नगरीतील कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने १९०१ साली उलगडले. रक्तातील तांबड्या पेशींवर 'ए' व 'बी' अशी दोन द्रव्ये असू शकतात. कोणाजवळ एक, कोणाजवळ दुसरे, कोणाजवळ दोन्ही, तर कोणाजवळ एकही नसते. यांवरून ए, बी, एबी व ओ असे चार रक्तगट मानले जातात. जे द्रव्य आपल्या पेशींवर नाही, त्याला विरोध करणारी प्रतिद्रव्ये आपल्या रक्तद्रवात असतात. परके रक्त आत येताच ती त्याच्या पेशींच्या गुठळ्या करतात. ओ गटाच्या पेशींवर ए नाही आणि बीही नाही; म्हणून त्या गटाचे रक्त कोणालाही चालते, असा समज रूढ झाला.

या समजाला १९५२ साली मुंबईत धक्का बसला. परळ येथील शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांना तीन व्यक्तींचे रक्त विलक्षण आढळले. त्यांच्या पेशी तपासल्या, तेव्हा ए किंवा बी यांची खूण मिळाली नाही. नियमाप्रमाणे हा ओ गट ठरावयास हवा होता. परंतु त्याच व्यक्तींच्या रक्तद्रवात ओ गटाच्या पेशी मिसळताच त्यांच्याही गुठळ्या झाल्या! म्हणजे जे रक्त सर्वांना चालते असे मानले जाई, तेच या व्यक्तींना घातक ठरणार होते. पेशींच्या परीक्षेवर विसंबून 'ओ' अशी चिठ्ठी लावली असती, तर केवढा अनर्थ ओढवला असता!

भेंडे व त्यांचे सहकारी या विसंगतीकडे काणाडोळा करून स्वस्थ बसले नाहीत. लंडनच्या लिस्टर संस्थेत रक्तगटांचा अभ्यास करणारे रेस व सँगर आणि तेथीलच रसायनज्ञ मॉर्गन व वॉटकिन्स यांचे साहाय्य त्यांना लाभले. मे १९५२ मध्ये 'दि लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या शोधाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यावर या सातही जणांची नावे होती. हा रक्तप्रकार पुढे जगभर 'मुंबई रक्तगट' म्हणून ओळखला जाऊ लागला.

या रक्तात वेगळे ते काय होते? एका घराची कल्पना करा. जोते बांधल्यावाचून भिंती उभ्या राहत नाहीत. तांबड्या पेशींवर 'एच' नावाचे एक द्रव्य असते; ते जणू जोते होय. त्यावर ए व बी ही द्रव्ये रचली जातात. ओ गटात जोते असते, परंतु त्यावर काही बांधलेले नसते. मुंबई रक्तगटात जोतेच नसते! त्यामुळे ओ गटाच्या पेशींवरील एच हे द्रव्यदेखील त्या शरीराला परके वाटते. म्हणून अशा रोग्याला त्याच गटाचे रक्त द्यावे लागते. भारतात असा मनुष्य सुमारे १०,००० लोकांत एखादाच असतो.

आता विचार करा. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय रुग्णालयात, ज्यास लोक 'घाटी' म्हणतात, असा एखादा रोगी आला, तर त्याला रक्त कोठून मिळणार? शीतपेटीत ठेवलेल्या तांबड्या पेशी सुमारे ३५ ते ४२ दिवसच टिकतात. इतक्या दुर्मिळ गटाचे रक्त प्रत्येक रक्तपेढीने नित्य साठवून ठेवणे अशक्यच होय. येथे जिवंत माणसांची यादी हाच खरा साठा ठरतो. मुंबईतील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेने दुर्मिळ रक्तदात्यांची नोंद ठेवण्याचे कार्य हाती घेतले आहे. एका गावातील नोंद आंतरजालामुळे क्षणात दुसऱ्या गावी पोहोचते, आणि दाता अनेक कोस प्रवास करून अनोळखी माणसाचे प्राण वाचवू शकतो.

शरीरातील विकृतींचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला विकृतिशास्त्र म्हणतात. या शास्त्राचे तज्ज्ञ आज याच मार्गाने एकमेकांचा सल्ला घेतात. रोग्याच्या शरीरातील मांसाचा कण घेऊन त्याचे अतिशय पातळ काप करतात, ते काचपट्टीवर ठेवून रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकातून पाहतात. गाठ साधी की कर्करोगाची, हे त्यावरून ठरते. पूर्वी शंका आल्यास काचपट्टी टपालाने दूरच्या तज्ज्ञाकडे धाडावी लागे. आता त्या पट्टीचे सूक्ष्म चित्र यंत्राने टिपून, रोग्याचे नाव वगळून, संगणकावरून पाठवता येते. दोन शहरांतील तज्ज्ञ एकाच वेळी तेच चित्र पाहून विचारविनिमय करू शकतात.

मात्र चित्राने सर्वच कार्य होत नाही. मुंबई रक्तगट ओळखावयाचा, तर प्रत्यक्ष रक्ताचा थेंबच परीक्षानळीत घालावा लागतो. पेशी व रक्तद्रव या दोहोंची परीक्षा करावी लागते आणि त्या दोहोंचे निष्कर्ष जुळले नाहीत, तर थांबावे लागते. यंत्र वार्ता वेगाने नेते. शंका घेण्याचे काम मात्र मनुष्यालाच करावे लागते.

भेंडे यांनी आपली शंका वहीतच ठेवली असती, तर ते ज्ञान परळच्या त्या प्रयोगशाळेपुरतेच राहिले असते. त्यांनी ते जगापुढे मांडले. म्हणून जे रोगी त्यांनी कधी पाहिले नाहीत, त्यांचेही प्राण वाचण्याची सोय झाली. धन दिल्याने उणे होते; ज्ञान दिल्याने दुणावते, ते असे.

स्वाध्याय

१. ओ गटाचे रक्त मुंबई रक्तगटाच्या रोग्याला का चालत नाही? जोत्याच्या दृष्टान्ताने स्पष्ट करा.
२. 'जिवंत माणसांची यादी हाच खरा साठा' असे लेखक का म्हणतो?
३. पुढील शब्द वाक्यांत योजा : विसंगती, काणाडोळा करणे, विचारविनिमय, अनर्थ.
४. आपल्या गावातील रक्तपेढीला शिक्षकांसह भेट द्या आणि तेथे रक्ताची परीक्षा कशी करतात, ते दहा ओळींत लिहा.