हलणाऱ्या भागांचे धडे

१ ऑक्टोबर २०१७ ला काकडीचा विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून शिर्डीत विमानाचं अप्रूप राहिलेलं नाही. ऐंशीच्या दशकात मात्र आमच्या घरी विमान यायचं ते खोक्यातून. आणणारे माझे मामा. ते ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ वर काम करायचे. आमचं हार-प्रसादाचं दुकान. गुरुवारची गर्दी ओसरली की मागच्या खोलीत मामा-भाच्याचा कारखाना सुरू व्हायचा.

पहिलं खोकं एअरफिक्स कंपनीच्या स्पिटफायरचं. प्रमाण १/७२, म्हणजे एक इंचाला सहा फूट. खऱ्या स्पिटफायरचे पंख ३६ फूट १० इंच, आमचे सहा इंचांहून किंचित जास्त. या मॉडेलचा पंखा फिरायचा. त्याची दांडी नाकातल्या भोकातून आत घालायची आणि मागून एक छोटी चकती चिकटवायची. गोंद चकतीला लावायचा, भोकाला नाही. मी घाईत सढळ हातानं लावला. हा गोंद प्लॅस्टिक विरघळवून जोडतो, त्यामुळे चूक सोडवता येत नाही. पंखा कायमचा बसला. मामा म्हणाले, "भाचेबुवा, हे आता शोपीस झालं."

दांडी आणि भोक यांच्यात जागा का सोडायची, हे मला तिथं कळलं. तुम्ही 'फिट्स अँड टॉलरन्सेस' शिकता ते हेच. अमेरिकेच्या मोनोग्राम कंपनीच्या १/४८ ॲव्हेंजरमध्ये तर चाकं आत-बाहेर होत, पंख दुमडत आणि पोटातून टॉर्पेडो सुटे. एवढे भाग हलवायचे तर कोणता आधी बसवायचा आणि कोणता नंतर, याचा विचार करावाच लागतो.

दहावीच्या सुट्टीत मामांनी बाल्सा लाकडाचं कंट्रोल-लाइन विमान आणलं. बाल्सा फार हलकं, एका घनमीटरला सुमारे १६० किलो. सोबत दीड सीसीचं छोटं डिझेल इंजिन. त्याला स्पार्क प्लग नसतो, वरचा स्क्रू पिळून दाब वाढवायचा. इंधन म्हणजे ईथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण समान भाग. शर्टाला तो वास धुतला तरी राहायचा.

या विमानाला दोन तारा असतात. उडवणारा मधे उभा राहतो, विमान त्याच्याभोवती फिरतं. तारा विमानातल्या बेलक्रँकला जोडलेल्या, आणि बेलक्रँकपासून एक दांडी शेपटीच्या एलिव्हेटरपर्यंत जाते. एक तार ओढली की नाक वर, दुसरी ओढली की खाली. बास, एवढीच यंत्रणा.

महिनाभर खपून मी ते एकट्यानं जोडलं. आदल्या रात्री मामांनी विचारलं, "मी एकदा पाहू का?" मी म्हणालो, "झालंय सगळं."

सकाळी शाळेच्या मैदानावर इंजिन लागलं. विमान धावलं, चाकं सुटली. थोडी उंची मिळावी म्हणून मी वरची तार ओढली, आणि विमान सरळ नाकावर खाली आलं. पंखा तुटला, पंख मोडले, इंजिनचा क्रँकशाफ्ट वाकला. मी तारा उलट जोडल्या होत्या. एलिव्हेटर हलतो का, हे मी वीस वेळा पाहिलं होतं. कुठल्या बाजूला हलतो, हे एकदाही पाहिलं नव्हतं.

मामा रागावले नाहीत. तुकडे गोळा करताना एवढंच म्हणाले, "आमच्याकडे जोडणाऱ्याची एकट्याची सही चालत नाही. दुसऱ्यानं पाहून दुसरी सही करायची. जोडणाऱ्याला आपली चूक दिसत नाही रे." तसं इंजिन आम्हाला पुन्हा परवडलं नाही.

आता मी वर्कशॉपमध्ये तुमचे प्रोजेक्ट तपासतो. काही मॉडेल बाहेरून तयार आलेली असतात. व्हायवाला ती झकास चालतात. "हा लिव्हर उलटा जोडला तर काय होईल?" असं विचारलं की मात्र सगळे एकमेकांकडे पाहतात. पोरांनो, त्यापेक्षा स्वतः केलेलं आणि बिघडलेलं मॉडेल आणा. मार्कांचं आपण बघू. फक्त आणण्याआधी ते शेजारच्या रूमवाल्याच्या हातात द्या. प्रत्येक हलणारा भाग त्याला पूर्ण हलवून पाहू द्या: अडतो का, शेवटपर्यंत जातो का, आणि योग्य दिशेला जातो का. मग जर्नलवर त्याची सही घ्या.

२६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं. ते पाहायला मामा नव्हते. वाकलेला क्रँकशाफ्ट आणि तो बेलक्रँक मात्र माझ्या कपाटात आहे. सबमिशनच्या आधी एकदा येऊन बघून जा.