पावसाळ्यापूर्वीची आवारसफाई : घरातल्या जुन्या अवजारांनी



मे महिना सरत आला की घराच्या आणि चर्चच्या आवारात एकच घाई उडते. पहिल्या पावसाआधी पातेरा गोळा करायचा, वाढलेले रान काढायचे, गॅरेजमध्ये साठलेली अडगळ बाहेर ओढायची. अशा वेळी नवी अवजारे विकत आणण्याचा मोह होतो. या पाठात आपण घरी आहे त्यावरच काम कसे भागवावे ते पाहू. जुने अवजार टाकाऊ वाटते ते बहुधा दोन कारणांनी : धार गेलेली असते, नाहीतर दांडा हललेला असतो. लोखंड सहसा शाबूत असते.

१ शमुवेल या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात एक लक्षात राहण्याजोगी नोंद आहे. इस्राएलात लोहार नव्हता, म्हणून फाळ, कुदळ, कुऱ्हाड यांना धार लावण्यासाठी लोकांना पलिष्ट्यांकडे जावे लागे आणि त्याचे पैसेही मोजावे लागत. शत्रूकडून धार लावून घ्यायची, यावरून त्या परावलंबनाची कल्पना येते. आपली अडचण त्यामानाने फारच लहान आहे. साधी धार काढायला एक कानस पुरते.

कोयता किंवा खुरपे लाकडी ओंडक्यावर पक्के दाबून धरावे. कानस धारेवरून पुढे ढकलताना दाब द्यावा, मागे आणताना उचलून घ्यावी. मागेपुढे घासत बसल्याने धार तर येत नाहीच, कानसही लवकर बोथट होते. मुळात धार जेवढ्या उताराची आहे तेवढाच उतार राखावा. कुऱ्हाडीला दोन्ही बाजूंनी कानस लावतात. खुरप्याला बहुधा एकाच बाजूने धार असते, ती तशीच ठेवावी. दातेरी विळ्याला मात्र घरी कानस लावू नये. त्याचे दाते लोहाराकडूनच पाडून घ्यावेत.

हल्ली अनेकजण विजेच्या ग्राइंडरवर काम उरकतात. चाकावर धार तापून निळी पडली, की लोहाराने पाजलेले पाणी उतरते आणि ते पाते चार दिवसांत पुन्हा बोथट होते. अडकलेला दांड्याचा तुकडा काढण्यासाठी अवजार चुलीत घालणे हीही तीच चूक आहे. तुकडा गिरमिटाने पोखरून, ठोकून काढावा. वेळ लागेल, पण पाते वाचेल.

दांडा हलत असला की तो रात्रभर बादलीत भिजत ठेवायचा, हा घरोघरीचा उपाय. सकाळी तो घट्ट बसलेला दिसतो, पण ही फसवणूक आहे. फुगलेले लाकूड लोखंडाच्या भोकात चेपले जाते आणि वाळल्यावर आधीपेक्षा अधिक सैल होते. असे सैल फावडे किंवा कुऱ्हाड उगारताना निसटली तर समोरच्याच्या कपाळाचे काय होईल? त्यासाठी योग्य उपाय पाचर. दांड्याच्या टोकाला चीर द्यावी, दांडा भोकात बसवावा, अवजार उलटे धरून दांड्याच्या बुडावर हातोडीचे ठोके द्यावेत, म्हणजे पाते आपोआप घट्ट चढते. मग चिरेत सुक्या लाकडाची पाचर ठोकावी. नवा दांडा करायचाच झाला तर बाभूळ किंवा धावड्याचे पूर्ण वाळलेले लाकूड घ्यावे. हाताला पकड हवी असेल तर सायकलची जुनी ट्यूब कापून मुठीवर गुंडाळावी.

गंजासाठी चिंचेचा कोळ लावून काही तास ठेवावे, काथ्याने घासावे, धुऊन लगेच कोरडे करावे आणि तेलाचा हात फिरवावा.

बाकीची अवजारे स्वयंपाकघरातून मिळतात. फरशीच्या फटीतले गवत काढायला जुन्या उलथन्यासारखे दुसरे काही नाही. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा आडवा कापून कडा आत मुडपल्या की घमेले तयार. जुनी साडी अंगणात पसरून त्यावर पातेरा ओढावा आणि चारही पदर बांधून गाठोडे न्यावे. गॅरेजमध्ये सांडलेल्या ऑइलवर चुलीची राख किंवा लाकडाचा भुसा पसरून रात्रभर ठेवला तर सकाळी खराट्याने झाडून काढता येतो. बंद गॅरेजमध्ये ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड मात्र कधीही एकत्र वापरू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

पातेरा जाळून टाकण्याची आपल्याला फार हौस. भातशेतीच्या भागात शेतकरी राबासाठी हाच पातेरा डोक्यावरून वाहून नेतात. आपल्याला राब भाजायचा नसेल तर झाडाच्या बुंध्याशी खड्डा करून त्यात तो कुजू द्यावा.

अडगळीत टायर, फुटके डबे, कुंड्या असतील तर त्या आधी काढाव्यात. डेंग्यूचा एडिस डास अशा भांड्यांच्या आतल्या कडेला अंडी घालतो आणि ती अंडी कोरडी असली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. तेव्हा नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे आतून घासावे लागते. ढिगाऱ्यात हात घालण्याआधी लांब दाताळ्याने किंवा काठीने तो विस्कटावा. विंचू आणि घोणस यांना अशाच जागा आवडतात. साप चावलाच तर जखमेला चीर देऊ नये, आवळून काही बांधू नये. हात-पाय हलू न देता रुग्णाला थेट सरकारी रुग्णालयात न्यावे. गंजका खिळा लागला तर धनुर्वाताची लस घ्यावी. तो आजार गंजामुळे होत नाही, माती-शेणातल्या जंतूंमुळे होतो, म्हणून चकचकीत खिळाही तेवढाच धोक्याचा.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. आपल्यापैकी बरेचजण आवार स्वच्छ करायला पाड्यावरच्या एखाद्या दादाला किंवा मावशीला बोलावतात आणि त्यांच्या हाती घरातला सर्वांत बोथट कोयता देतात. दिवसाच्या शेवटी काम कमी झाले म्हणून कुरकुर करतो ते आपणच. बोथट पात्याला दुप्पट जोर लागतो, ते घसरते आणि नडगी कापली जाते. त्या माणसाची पुढच्या आठ दिवसांची मजुरी बुडते. कामाला बोलावण्याच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास कानस फिरवावी, एवढे तरी आपल्या हाती आहे.

पाड्यावर देण्यासाठी जुनी अवजारे बाजूला काढत असाल तर हाच नियम. तडा गेलेले पाते भंगारात घालावे, ते दान म्हणून देऊ नये. बाकीच्यांना धार काढून, पाचर ठोकून, तेल लावून द्यावे. धार गोणपाटात गुंडाळावी, म्हणजे वाहून नेताना कोणाला लागणार नाही. शेतात खुरपणी बहुतेक बायाच करतात, तेव्हा खुरप्याची मूठ त्यांच्या हाताला बसेल इतकी बारीक तासावी.