न वाचावयाचीं चिन्हें
(एचटीएमएलचा पहिला पाठ)

विद्यार्थिमित्रांनो, वर्गांत धडा वाचतांना आपण पूर्णविरामाशीं थांबतां, स्वल्पविरामाशीं किंचित् थबकतां आणि प्रश्नचिन्ह दिसलें कीं आवाज चढवितां. परंतु ‘स्वल्पविराम’ हा शब्द कोणी मोठ्यानें वाचीत नाहीं. हीं चिन्हें वाचावयाचीं नसतात. कसें वाचावें हें सांगण्यासाठीं तीं असतात. मराठींत तीं रूढ करण्याचें श्रेय मेजर थॉमस कँडी यांस दिलें जातें. त्यांचें ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हें पुस्तक १८५० सालचें आहे.

महाजालावरील पानासही अशींच न वाचावयाचीं चिन्हें लागतात. त्या चिन्हांच्या भाषेस हायपरटेक्स्ट मार्कअप लँग्वेज, थोडक्यांत एचटीएमएल, म्हणतात. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत काम करीत असतां टिम बर्नर्स-ली यांनीं ती तयार केली. १९९१ सालच्या तिच्या पहिल्या टिपणांत अवघीं १८ चिन्हें वर्णिलेलीं होतीं. पुढें ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें महाजालाची मूळ सामग्री सर्वांस विनामूल्य खुली केली. म्हणून आज विट्यांतील मुलास ही भाषा वापरण्यासाठीं कोणास फी द्यावी लागत नाहीं. नोटपॅडसारखा साधा लेखनाचा कार्यक्रम आणि पान उघडून दाखविणारा ब्राउझर, एवढें साहित्य पुरेसें आहे.

आतां पाठास आरंभ करूं. आपल्या गांवच्या दसऱ्यांतील पालख्यांची शर्यत हा निबंधाचा विषय घ्या. त्याचें शीर्षक असें लिहावें:

<एच१>विट्याची पालखी-शर्यत</एच१>

दोन कोनी कंसांत जें नांव आहे त्यास टॅग म्हणतात. पहिला टॅग आरंभाचा. दुसरा, ज्यांत तिरपी रेघ आहे तो, समाप्तीचा. ‘एच१’ म्हणजे सर्वांत मुख्य शीर्षक. परिच्छेदासाठीं अशाच रीतीनें ‘पी’ हा टॅग आहे. येथें समजुतीसाठीं देवनागरींत दिलेलीं टॅगांचीं नांवें प्रत्यक्षांत रोमन लिपीच्या लहान अक्षरांत व इंग्रजी अंकांत लिहावीं. मजकूर मात्र खुशाल मराठींत लिहावा. धारिका यूटीएफ-८ या पद्धतीनें जतन करावी आणि तिच्या नांवाच्या शेवटीं टिंब देऊन एचटीएमएल हीं चार अक्षरें जोडावीं.

दोन नियम ध्यानांत ठेवावे. पहिला नियम: जें उघडलें तें मिटावें. शीर्षकाची समाप्ति विसरलांत तर ब्राउझर रागावणार नाहीं, पण पुढील सारा निबंध शीर्षकासारखा जाड व मोठ्या अक्षरांत दिसूं लागेल. दुसरा नियम: जो टॅग शेवटीं उघडला तो आधीं मिटावा. डब्यांत डबा ठेवला असतां आंतल्या डब्याचें झांकण आधीं लावावें लागतें, तसेंच हें आहे.

येथें पुष्कळ नवशिके एक चूक करितात. अक्षर मोठें दिसतें म्हणून ते वाटेल त्या ओळीस शीर्षकाचा टॅग लावितात, किंवा खऱ्या शीर्षकास नुसतें ठळक करून सोडून देतात. टॅगानें ती ओळ कशी दिसावी हें सांगावयाचें नसून ती ओळ कोण आहे हें सांगावयाचें असतें. रंगरूपासाठीं सीएसएस नांवाची निराळी भाषा आहे. ती पुढें शिकतां येईल.

हा भेद इतका महत्त्वाचा कां? खानापूर तालुक्यांतील कित्येक कुटुंबें सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त देशभर विखुरलेलीं आहेत. समजा, आपलें पान महाजालावर ठेविलें आणि दूर परप्रांतीं राहणाऱ्या आपल्या आजोबांनीं तें उघडलें. परंतु त्यांची दृष्टि गेलेली आहे. त्यांचा संगणक पान मोठ्यानें वाचून दाखवितो. मोठें अक्षर त्यांच्या काय कामाचें? शीर्षकाचा टॅग असेल तर तें यंत्र ‘हें शीर्षक’ असें सांगतें, आणि आजोबा एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जाऊन हवा तो भाग ऐकतात. चित्राच्या टॅगांत ‘ऑल्ट’ या नांवाखालीं चित्राचें वर्णन लिहिलें असेल तर पालखीचें चित्रही त्यांस कानांनीं कळतें. आणि पानाच्या आरंभींच्या टॅगांत ‘लँग’ या नांवापुढें मराठीची खूण म्हणून एम व आर हीं दोन अक्षरें घातलीं असतील तर, मराठी आवाजाची सोय असलेलें यंत्र मराठी उच्चारांनींच वाचतें. हीं दोन अक्षरें डोळसास पानावर दिसत नाहींत, म्हणूनच तीं बहुधा गाळलीं जातात.

तेव्हां, मित्रांनो, या सुटींत एक लहानसें पान अवश्य लिहा: एक शीर्षक, दोन परिच्छेद, एक चित्र. पालकांनींही तें जवळ बसून पाहावें. आणि एकदां डोळे मिटून संगणकाकडून वाचवून घ्यावें. डोळे मिटल्यावरही जें पान नीट समजतें तेंच नीट लिहिलें गेलें, असें समजावें.