शिकाऱ्याची दुर्बीण मालवणास नेताना

जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांत नव्याने वास्तव्यास आलेल्या सिंधुदुर्गवासीयांकडे गावाहून ज्या निरनिराळ्या फर्माइशी येतात, त्यांत अलीकडे उत्तम दुर्बिणीची भर पडली आहे. आणि ती घेण्यासाठी आपण येथील एखाद्या शिकारसाहित्याच्या दुकानात शिरलात, की विक्रेता अत्यंत सद्भावनेने जी वस्तू आपल्या हाती ठेवतो, ती बहुधा मालवणच्या उपयोगाची नसते. येथे दीर्घकाळ स्थिरावलेल्या काही मराठी कुटुंबांच्या अनुभवांतून पुढील सूचना संकलित केल्या आहेत, त्या यासाठीच.

या देशांत परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळविलेला मनुष्य कायदेशीरपणे शिकार करू शकतो, आणि सूर्यास्तानंतर लाकडी मचाणावर बसून रानडुकराची प्रतीक्षा करणाऱ्या अशा माणसाच्या गरजेतूनच ८×५६ हे माप येथे प्रतिष्ठा पावले. छप्पन्न मिलिमीटर व्यासाच्या भिंगाला आठाने भागले असता डोळ्याकडील प्रकाशझोताचा व्यास ७ मिलिमीटर येतो, म्हणजे काळोखात विस्फारलेल्या तरुण बाहुलीला पुरून उरेल इतका. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकार हा विषयच उरला नाही. आणि तारकर्लीच्या वाळूवर भर दुपारी बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकुंचन पावत असल्यामुळे, त्या जड यंत्राने गोळा केलेला बराचसा प्रकाश डोळ्यात शिरतच नाही. अशा काही दुर्बिणींत बसविलेले अंतर मोजणारे लेझर हे बंदुकीचा नेम धरणाऱ्यासाठी असते. त्याचे पैसे आपण द्यावयाचे कारण नाही.

मालवणात दुर्बिणीने पाहावयाचे काय, हा खरा प्रश्न आहे. देवबाग-तारकर्लीसमोर क्षणमात्र पाठ दाखवून बुडणारे डॉल्फिन, उंच झाडावर घरटे करून वर्षानुवर्षे त्याच जागी परतणारा समुद्री गरुड, निवतीसमोरच्या वेंगुर्ला रॉक्सवरील गुहांतून भिरभिरणाऱ्या पाकोळ्या, आणि किनाऱ्याचा कंटाळा आल्यास तिलारीच्या रानातले धनेश, हे सर्व एकतर हलते असते किंवा पाहणारा स्वतः हलत्या होडीत असतो. दहापट मोठे दाखविणारी दुर्बीण हाताचा कंपही दहापट करून दाखविते, हे दुकानाच्या स्थिर फरशीवर उभे राहून कधीच कळत नाही. म्हणून आमची एकमुखी शिफारस ८×४२ या मापाची आहे. केवळ तिलारीच्या घाटमाथ्यावरून दूरचे पाहणाऱ्याने १०×४२ घ्यावी. नौकेवर नित्य वावरणाऱ्या कुटुंबास मात्र नाविकांची पारंपरिक ७×५० अधिक मानवेल, आणि ती तुलनेने स्वस्तही पडते.

उच्च श्रेणीत निवड मुख्यत्वे तिघांत होते. वेट्झलार येथील झाईसची ‘व्हिक्टरी एसएफ’, त्याच गावच्या लायकाची ‘नॉक्टिव्हिड’, आणि तिरोलमधील आब्झामच्या स्वारोव्स्कीची ‘एनएल प्युअर’. हजार मीटरवर ८×४२ मधून दिसणाऱ्या दृश्याची रुंदी अनुक्रमे १४८, १३५ व १५९ मीटर आहे, आणि वजने सुमारे ७८०, ८६० व ८४० ग्रॅम. डॉल्फिन पुढे कोठे वर येईल हे ठाऊक नसल्याने येथे रुंदीला महत्त्व आहे, व त्या एका गुणावर ‘एनएल’ श्रेष्ठ ठरते. परंतु दुर्बीण साठी उलटलेल्या वडिलांसाठी असेल, तर हलकी आणि भार डोळ्याकडे झुकलेली असल्याने हातास न जाणवणारी ‘एसएफ’ आम्ही पुढे करू. ‘नॉक्टिव्हिड’चे रंग व उठाव यांवर लुब्ध झालेले आमच्यात आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तिन्ही चष्मा न काढता वापरता येतात. मात्र कोणतीही घेण्यापूर्वी ती दुकानाबाहेर नेऊन मावळतीच्या दिशेने धरून पाहावी: आपला समुद्र पश्चिमेस आहे, आणि तिरप्या उन्हात दृश्याच्या खालच्या कडेस पांढुरकी चंद्रकोर उमटत असेल, तर संध्याकाळचे निम्मे निरीक्षण व्यर्थ गेले.

या तिघांची किंमत अडीच-तीन हजार युरोंच्या घरात जाते. याच्या निम्म्याहूनही कमी मोलात मिळणारी निकॉनची ‘मोनार्क एचजी’ ६६५ ग्रॅम वजनात १४५ मीटर रुंदी देते; पहिल्या वर्षी घरभाडे व विम्याचे हप्ते यांनी गांजलेल्या नवागताने प्रतिष्ठेपायी कर्ज काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गावी पोचल्यावर तिचे शत्रू दोन, खार आणि बुरशी. आतील नळ्या नायट्रोजनने भरलेल्या व जलरोधक असल्या तरी बाहेरील काचेवर पावसाळ्यात बुरशी चढते, म्हणून शोभेच्या कातडी पेटीत, कपाटाच्या तळाशी ती ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. समुद्रावरून परतल्यावर प्रथम गोड्या पाण्याची हलकी धार सोडून क्षार वाहू द्यावेत, मगच मऊ कापड लावावे. पंच्याने किंवा पदराने पुसण्याची जी आपली सवय, तिने वाळूचा एक कण भिंगावरील लेपाचा सत्यानाश करतो.

राहिली कागदपत्रांची बाब. जर्मनीत किमतीत अंतर्भूत असलेला १९ टक्के कर युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या प्रवाशास परत मिळू शकतो. येथील वास्तव्याचा परवाना असलेल्या आपणांस नाही. तेव्हा आई-वडील भेटीस आले असता खरेदी त्यांच्याच नावे व त्यांच्या पारपत्रावर करावी, दुकानदार निर्यातीचा कागद देतो की नाही हे पैसे मोजण्यापूर्वी विचारावे (तशी सक्ती त्याच्यावर नाही), आणि खरेदीच्या महिन्यानंतरचा तिसरा महिना संपण्यापूर्वी वस्तू देशाबाहेर न्यावी. मोपास उतरा वा मुंबईस, करमुक्त मर्यादेवरील मूल्य जाहीर करून जकात भरणे आवश्यक आहे. ती मर्यादा बदलत असल्याने निघण्यापूर्वी चालू नियम पाहावा व मूळ पावती हाताशी ठेवावी. आणि कर परत मिळण्यासाठी, परतीच्या दिवशी विमानतळावर सामान सुपूर्द करण्याआधी येथील सीमाशुल्क कचेरीत दुर्बीण दाखवून कागदावर शिक्का घ्यावा. एकदा पेटी पट्ट्यावरून आत गेली, की तो शिक्का मिळत नाही.